दारूचा नाद

इंदुमतीबाईंनी जाण्याआधी दोनेक महिने सुनेला एक गोष्ट बजावली होती. अवनी त्यांची विरळ झालेली वेणी घालत होती. त्या म्हणाल्या, "मी नसले की ह्यांना पुन्हा दारूचा नाद लागेल बघ. लक्ष ठेव. एकदा बसले की मग घरात मूल रडतंय की कुकर ओरडतोय, ह्यांना पत्ता नसतो."

अवनी "हो आई" म्हणाली आणि पुढचा पेड घातला. औषधांच्या गुंगीत बोलतायत, असं मनाशी धरून तिने ते सोडून दिलं. आपले सासरे आणि दारू? वसंतरावांनी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, भुसावळपासून जयपूरपर्यंत, आणि प्रत्येक निरोपसमारंभात लिंबू सरबताचा ग्लास धरून कोपऱ्यात उभे राहिले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर अल्कोहोल किती लिहिलंय, हे चष्मा लावून वाचणारा माणूस. तिने नवऱ्याला, निनादला, हे सांगितलंसुद्धा नाही.

इंदुमतीबाई गेल्या. जयपूरच्या शास्त्रीनगरातल्या त्या घरात वसंतराव दीड वर्ष व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहिले. भाजी कोणती करू? चालेल. डॉक्टरकडे जायचं का? चालेल. नातवाला, ध्रुवला, चार वर्षं पूर्ण झाली, केक कापला, तरी आजोबा "चालेल" म्हणाले, आणि ते कशाबद्दल हे कुणालाच कळलं नाही.

मग एके दिवशी जनार्दनकाका आले. रेल्वेच्या नेमबाजी संघातले वसंतरावांचे जुने जोडीदार, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, सांगानेरला, एकटे राहणारे. शहराबाहेरच्या रेंजवर दर रविवारी साठीपुढची मंडळी जमतात, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर बार काढतात, असं सांगत होते. "काडतुसं मिळतात रे," ते म्हणाले, "पण तुझ्या हातच्या काडतुसाची चव नाही त्यांना."

"चव काय, लाडू आहेत का?" वसंतराव म्हणाले. दीड वर्षात केलेला पहिला विनोद.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून एक लाकडी पेटी खाली आली. आत लांब दांड्याचं काळं लोखंडी यंत्र, पितळी मापं, आणि गोणपाटात बांधलेली पिशवी. वसंतरावांचे कागद चोख होते, परवाना होता, घरी काडतुसं भरायची रीतसर परवानगी होती, बंदूक कुलपात होती. मागची खोली झाडून त्यांनी टेबल मांडलं. संध्याकाळी अवनी कणीक मळत असताना त्यांचा फोनवरचा आवाज आला, दीड वर्षात ऐकला नव्हता असा खणखणीत. "जनार्दन, टोप्या आहेत, छर्रे आहेत. दारू तेवढी कमी पडेल."

अवनीचे हात कणकेतच थांबले. म्हणजे ही दारू. आई बंदुकीच्या दारूबद्दल बोलत होत्या. तिच्या पिढीच्या तोंडी त्याला गनपावडर, इथल्या शेजाऱ्यांच्या तोंडी बारूद; दारू म्हणणारी माणसं घरात दोनच, त्यातलं एक गेलेलं.

तिने निनादला फोन लावला. तो विमा कंपनीत, महिन्यातले पंधरा दिवस कोट्याला नाहीतर जोधपूरला.

"निनाद, बाबांनी छर्रे काढलेत. शिसं आहे ते. आपल्याकडे चार वर्षांचं पोर आहे."

"अगं, मी त्याच खोलीत अभ्यास करून मोठा झालो."

"म्हणूनच केमिस्ट्रीत नापास झालास."

"तू पास झालीस म्हणून सगळ्यांनी घाबरायचं का? अवनी, बाबा हसतायत. मला फोन करून जोक सांगितला त्यांनी आज. प्लीज."

बाबा हसतायत, हे खरंच होतं, आणि तिथेच तिची पंचाईत होती. सकाळी सहाला उठून ते दाढी करायचे. डाळ-बाटीत तूप मागून घ्यायचे. दुपारी मागच्या खोलीतून यंत्राच्या दांड्याचा खट्, खट् आवाज यायचा आणि त्या ठेक्यात त्यांचं गुणगुणणं. एकदा ती भांडायच्या तयारीने दारात गेली आणि पाहतच उभी राहिली. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुसून रांगेत ठेवलेल्या. तळाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, माप सपाट करून दारू, वर बूच, मग छर्ऱ्यांची सर, आणि शेवटी पुंगळीचं तोंड सहा पाकळ्यांनी असं मिटायचं की मुकी कळीच. एकेक काडतूस ते कानाशी हलवून बघायचे, जन्मलेलं मूल बघावं तसे. त्या चेहऱ्याला नको म्हणायला दगडाचं काळीज हवं. अवनीचं तसं नव्हतं, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

तिने नियम केले. खोलीला कडी. ध्रुवला आत बंदी. बाहेर येताना कपडे बदलायचे, साबणाने हात धुवायचे, मग पोराला उचलायचं. वसंतराव शाळकरी मुलासारखे मान डोलवायचे आणि तिसऱ्या दिवशी त्याच सदऱ्याने ध्रुवला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात. ती बोलली की, "राहिलंच बघ." राहिलंच बघ. गंजभर पाणी तोंडावर मारावं असा तिचा संताप व्हायचा, आणि बोलायचं कुणाशी?

त्यात गल्लीत वेगळंच सुरू झालं. समोरच्या शालिनीजी एका संध्याकाळी आवाज खाली आणून म्हणाल्या, "अवनीजी, अंकलजी ठीक तो हैं ना? आंटीजी के जाने के बाद… होता है. मेरे जेठजी का भी छूट गया था, एक सेंटर है."

"काय… मतलब, क्या छूट गया?"

"ध्रुव बता रहा था बच्चों को. हमारे आजोबा रोज कमरा बंद करके दारू भरते हैं."

अवनीने गनपावडर, बारूद, परवाना सगळं समजावलं. शालिनीजी ऐकून घेऊन म्हणाल्या, "बंदूक भी है?" आणि त्या दिवसापासून त्यांची मुलं ध्रुवबरोबर खेळायला येईनाशी झाली.

हे सगळं सहन झालं असतं. पण पुढच्या मंगळवारी ध्रुव जेवायला बसला तो तोंड मिटून. घास घेईना, बोलेना. अवनी म्हणाली, "आ कर." तो मान हलवून बोटाने खूण करायला लागला, थांब म्हणून. तिने हनुवटी धरून तोंड उघडलं. ओठांच्या मागे एक करडा, गुळगुळीत छर्रा.

"थुंक. आत्ता थुंक."

तो थुंकला आणि रडत म्हणाला, "आजोबा पण असंच करतात. तोंडात असला की बोलायचं नाही."

ती मागच्या खोलीत गेली. वसंतराव टेबलाशी होते. तिने हाक मारली, तर त्यांनीही तशीच बोटाने खूण केली, थांब. छर्रे ओतले, ओठांतून एक छर्रा काढून वाटीत टाकला, मग म्हणाले, "हं, बोल."

"हे काय आहे, बाबा?"

"ही खूण. दारू घातली की एक छर्रा ओठांत. वरून छर्रे पडले की काढायचा. म्हणजे एका पुंगळीत दोनदा दारू जात नाही. दोनदा गेली तर बंदुकीची नळी फाटते, अवनी, माणसाचा हात जातो. आम्हाला उस्तादांनी शिकवलंय हे. चाळीस वर्षांत एक चूक नाही."

"चाळीस वर्षं तुम्ही शिसं चघळताय."

"चघळत नाही. धरतो."



दुसऱ्याच सकाळी तिने लॅबचा माणूस घरी बोलावला. ध्रुवच्या रक्तात शिसं किती, एवढंच तिला कळायला हवं होतं. सुई बघून ध्रुवने घर डोक्यावर घेतलं. "पहले आजोबा, पहले आजोबा." वसंतरावांनी बाही वर केली. "घ्या भैया, आधी माझं. बघ ध्रुवबाळा, मुंगी चावली." लॅबवाल्याने विचारलं, ही नळी टाकून देऊ का? अवनीने वैतागूनच सांगितलं, घेतलीच आहे तर तपासा.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ती ध्रुवचे डोळे, जीभ, नखं, शी, सगळं तपासत राहिली. रात्रंदिवस तिची नजर त्याच्यावरून हलली नाही.

ध्रुवचा आकडा थोडासाच होता. डॉक्टर म्हणाले, काळजी नको, महिन्याने पुन्हा बघू. मग त्यांनी दुसरा कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "हे कुणाचं? ह्यांचं पोट दुखतं का? हात थरथरतो? विसरतात?"

अवनीला एकेक आठवत गेलं. दोन महिने चूर्णाचा डबा लवकर संपत होता. तिने बाटीला दोष दिला होता. सदऱ्याची बटणं चुकत होती. ध्रुवच्या शाळेच्या गाडीची वेळ ते दोनदा विसरले, तेव्हा ती तोंडावर नाही पण ऐकू जाईल अशी करवादली होती. नियम सगळे पोरासाठी. माणूस रोज समोर वाळत होता, आणि ती त्याच्या हातांकडे बघत होती ती ते धुतलेत की नाहीत एवढ्यासाठी.

ती वसंतरावांना घेऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी यंत्र पूर्ण बंद करायला सांगितलं. काही महिने तरी, आणि नंतर सुरू केलं तरी तोंडात काही न धरता. घरी परतल्यावर वसंतराव फाटकापाशी म्हणाले, "चालेल."

तो शब्द ऐकून अवनीला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. तिने निनादला फोन करून सुनावलं, सगळं आणि दोनदा. तो रात्रीच्या गाडीने आला. औषधं सुरू झाली. तिने लाकडाचा एक तुकडा आणून त्याला भोकं पाडून घेतली. दारू घातलेली पुंगळी इकडे, राहिलेली तिकडे. पुढे डॉक्टर हो म्हणाले तर खूण त्यावर ठेवायची, ओठांत नाही. वसंतरावांनी तो तुकडा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भोकं जरा ढिली आहेत. कानसून देतो." तेवढ्याने ती दिवसभर तरली.

संध्याकाळी कानस चालवता चालवता ते सहज म्हणाले, "जनार्दन तर दोन धरायचा. एक दारूचा, एक बुचाचा. अजून धरतो."

अवनीने तेव्हाच फोन लावला. जनार्दनकाका हसले. "पोरी, त्र्याहत्तर संपली. शिसं मला काय खातंय, मीच त्याला खाल्लं." ती दोनदा सांगानेरला गेली. त्यांनी चहा दिला, कप बशीत खडखडत होता, आणि तपासणीचं नाव काढलं की रेंजवरच्या गमती. आता तर तिचा नंबर पाहून फोन उचलत नाहीत. घरच्यांचं कुणी ऐकत नाही, परक्याचं कधी कधी ऐकतात.

म्हणून तुमच्यापैकी कुणी सांगानेरच्या बाजूला राहत असाल, कामाला जात असाल, तर त्यांच्याकडे डोकावून रक्त तपासायला सांगून या. छापखान्यांच्या गल्लीत, हातकागदाच्या कारखान्यामागे, निळ्या दाराचं घर. जनार्दनकाका म्हटलं की कुणीही दाखवेल. दुपारी जा, तेव्हा ते मागे टेबलाशी असतात. हाक मारल्यावर लगेच उत्तर आलं नाही तर परत फिरू नका.