तेहतीस ठोके

गावच्या हॉलच्या मंचावर एक पियानो, दोन खुर्च्या, एक नवा करडा गालिचा आणि दोन माणसं होती. ओदिलोंमामांनी फिडलवर तीच रील, म्हणजे नाचाची जलद चाल, चार वेळा वाजवली. मार्जोलेननं खाली बाकावर बसून ठोके मोजले. तेहतीस, पस्तीस, बत्तीस, चौतीस.

"ऐकलंस?" पियानोवरून यूगेत म्हणाली. "रील म्हटली की बत्तीस. मी बत्तीस धरून बसलेय, आणि तुझे मामा कधी वेळेवर पोचतात, कधी मागाहून."

"तू कुठे बसलीयस ते तुझं तुला ठाऊक," मामा म्हणाले. "मी माझ्या चालीत आहे."

हॉल समितीचा अध्यक्ष गास्पार मार्जोलेनला कोट टांगायच्या खुंट्यांपाशी घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मार्जो, जानेवारीतही हेच झालं. सगळा नाच कोलमडला. तुझ्या आजीचं विसरणं असंच सुरू झालं होतं, आठवतंय ना? शुक्रवारी एकदा ऐकतो. नाही जमलं तर शनिवारच्या नाचाला शहरातून बँड. मला काही हौस नाहीये."

आठवत होतं, म्हणूनच तिला राग आला.

मार्जोलेन शहरातल्या संगीतशाळेत ताल शिकवायची. स्वरलिपीत दोन उभ्या रेषांमधल्या खणाच्या सुरुवातीला कोणता आकडा लिहायचा, एका खणात किती ठोके बसवायचे, हे ती दिवसभर मुलांना सांगत असे. नदीकाठच्या या गावांतल्या जुन्या चाली वाकड्या असतात, कुठेतरी एखादा ठोका जास्तीचा असतो, हेही तिला माहीत होतं. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की वाकडेपणा दर वेळी तोच आहे का? तोच असेल तर ती चाल. बदलत असेल, तर गास्पार म्हणतो ते.

दुसऱ्या दिवशी ती मामांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मामा खुर्चीत, फिडल खांद्याला, दोन्ही पाय फरशीवर टाचा-चवडे आपटत.

"थांबा. पहिल्या भागाच्या शेवटी एक ठोका जास्त आहे का?"

"जास्त कुठला? हवेत तेवढेच आहेत."

"बरं, मग नुसता दुसरा भाग वाजवा."

"पहिला झाल्याशिवाय दुसरा येतो कुठून?" मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"एकदा सावकाश वाजवाल?"

"सावकाश वाजवली की ती दुसरीच चाल होते, पोरी."

पुन्हा पहिल्यापासून. चुलीवरचं वाटाण्याचं सूप तळाला लागलं. सहा वेळा ऐकून झालं आणि सहाही वेळा तेहतीस भरले. पहिल्या भागात सतरा, दुसऱ्यात सोळा.

तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती अधिकच वैतागली. घरी शहाणा आणि हॉलमध्ये विसराळू, असा कुठला विसराळूपणा असतो? तिनं मामांना गाडीत घातलं, हॉलवर नेलं आणि यूगेतला न बोलावताच वाजवायला लावलं. चौतीस. बत्तीस. म्हणजे दोष यूगेतचा नव्हता. गास्पारही तिथे नव्हता. तिनं खुर्ची बदलली. पस्तीस.

"आता माझी पँट बदलणार का?" मामा म्हणाले.

ती हताश होऊन मंचाच्या कडेला बसली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की इथे ती फिडलच्या गजाकडे बघून मोजत होती. स्वयंपाकघरात बघावं लागलं नव्हतं. तिथे तिनं पाय मोजले होते.

"मामा, तुम्हाला इथे तुमचे पाय ऐकू येतात?"

"छे. बर्फात चालल्यासारखं वाटतं. जानेवारीत गास्पारनं हे लोकरीचं घोंगडं अंथरलं तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आकडे विचारत होतीस. पायांचं कुणी विचारलं?"

मार्जोलेननं उठून गालिच्यावर टाच आपटून पाहिली, तर आवाजच आला नाही.

शुक्रवारी गास्पार म्हणाला, गालिचा निघणार नाही, गोंदानं चिकटवलाय. तिनं वाद घातला नाही. कोठीत बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाच्या कठड्याची एक जुनी रुंद फळी पडली होती. ती फरफटत आणून तिनं मामांच्या खुर्चीखाली टाकली. मग यूगेतपुढे एक कागद ठेवला. पहिल्या भागात दोन-दोन ठोक्यांचे सात खण आणि शेवटी एक तीनचा. दुसऱ्या भागात दोन-दोनचेच आठ.

"रीलमध्ये तीनचा खण?" यूगेतनं चष्मा खाली ओढला. "माझ्या आईनं हा कागद शेकोटीत घातला असता."

"यूगेतकाकू, आधी वाजवा, मग घाला. आणि अडखळलात तर कागद सोडा, टाचा ऐका."

"आणि तुझे मामा अडखळले तर?"

"तर मी बँडला फोन लावतो," गास्पार म्हणाला. तो पहिल्या बाकावर बोटं पसरून मोजायला बसला होता.

मामांनी पाय फळीवर आपटून पाहिले. एकदा टाच, एकदा चवडा. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"आता चर्चा झाली असेल, तर वाजवू?"

चार फेऱ्या झाल्या. मार्जोलेननं मोजल्या, गास्पारनंही वेगळ्या मोजल्या. दोघांचे आकडे जुळले.

तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस.