शिंगांच्या रंगाखालचा नंबर

शिवपुत्र बिराजदाराचा हट्ट अख्ख्या मुरूम गावाला ठाऊक होता. एकदा मनावर घेतलं की घेतलं, मग देव आडवा आला तरी बाजूला सरकायचा. वडील शरणप्पा जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांची मोटारसायकल गोठ्यात पोत्यांखाली पडून होती. दूध घालणाऱ्या सिदूला ती हवी होती, पण कागदांसकट. आणि कागदांच्या नावानं बोंब. आरसी बुक वाळवीनं खाल्लेलं, मागची नंबरप्लेट कुठंतरी गळून पडलेली, अन् पुढच्या पाटीवर नंबराच्या जागी ‘बसवेश्वर प्रसन्न’.

“कशाला तरास घेता? अशीच द्या की मला,” दारावर आलेला एक भंगारवाला म्हणाला.

“अशीच? उद्या कुणी तिच्यावर बसून चोरी केली, तर पोलीस माझ्या बापाचं नाव घेत दारात येतील. मेलेल्या माणसाच्या नावाला डाग लागू देत न्हाय म्या.”

दुसऱ्याच दिवशी तो धाराशिवला आरटीओ ऑफिसात हजर. शरणप्पा बिराजदार या नावावर दुचाकीच नाही, असं तिथल्या कारकुनानं दोनदा बघून सांगितलं. वर म्हणाला, “चेसिस नंबर आणा. त्यावरून काय ते निघेल.”

चेसिस नंबर असतो हँडलच्या मानेवर कोरलेला. पण तिथं नंबर दिसेल तर शपथ! शरणप्पा पक्के काटकसरी. दर कारहुणवीला, बैलांच्या सणाला, शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला ऑइलपेंट ते गाडीला फासायचे. रंग वाया घालवणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यामुळं हिरव्याखाली लाल, लालाखाली पुन्हा हिरवा, असे दहा-बारा थर चढलेले. शिवपुत्र रॉकेल, चिंधी आणि लाकडाची ढलपी घेऊन बसला. पत्र्यानं खरवडलं तर आकडेच जातील म्हणून जपून जपून घासत होता.

“बापासारखाच चिवट हाईस,” त्याची आई चन्नम्मा चहा देताना म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आकडे उघडे पडले. पोरं नाण्याचा छाप घेतात तसा त्यानं वर कागद धरून पेन्सिल घासली आणि तो ठसा खिशात घालून पुन्हा धाराशिव गाठलं.

कारकुनानं नंबर टाकला. “निघाली. राजेश्वरी शरणप्पा बिराजदार. नोंदणीची मुदत संपलीय, तपासणी करून वाढवून मिळेल. पण विकायची तर सही मालकाचीच लागेल. कोण या?”

“थोरली बहीण,” शिवपुत्र म्हणाला.

घरी आल्यावर चन्नम्मानं कपाळावर हात मारला. “व्हय की! स्वामींनी पंचांग बघून सांगितलं हुतं, गड्यांच्या नावाला वाहन लाभत न्हाय, लेकीच्या नावाला लाभतंय. म्हणून तिच्या नावानं घेतली. पुढं तिचं लगीन झालं, मग कुणाच्या ध्यानात राहतंय?”

अक्काचं नाव त्या घरात निघतच नव्हतं. वडिलांच्या चौदाव्या दिवसानंतर लगेच शिवपुत्रानं तिला उमरग्याला नेऊन जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. सगळ्याच बहिणी करतात, त्यात काय? तिनं सही केली, तशीच एसटीत बसली आणि पुन्हा माहेरी पाऊल टाकलं नाही. कुणी विचारलं की हा सांगायचा, “सासरी लई काम असतं तिला.” खरं काय ते त्याला चांगलं माहीत होतं.

तरीही फॉर्म घेऊन तो परंड्याला तिच्या सासरी गेला. हट्टी माणूस, अर्ध्यात कसा सोडणार? राजेश्वरी शिलाई मशीनवर बसली होती. तिनं त्याला पाणी दिलं, समोर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि फॉर्म त्याच्याच हातात परत दिला.

“त्या टायमाला तू नुसतं बोट ठिवलंस, हितं सही कर म्हणून. आज वाचून दाखव.”

“वाहनाचे मालक,” शिवपुत्र वाचू लागला, “राजेश्वरी शरणप्पा बिराजदार.”

“पुन्ना वाच.”

त्यानं पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

“शिवा, सात एकरातलं एक ढेकूळ माझं न्हाय. अप्पाच्या घरात माझ्या नावाची ही एवढी एकच वस्तू उरलीय. म्या ती इकत न्हाय.”

त्याच्याकडं बोलायला पुष्कळ होतं. गाडी गंजतेय, सिदू खोळंबलाय, तुला ती चालवताही येत नाही. पण बापाच्या नावाला डाग नको म्हणून तीन दिवस रंग खरवडत बसलेल्या त्या माणसाला कळून चुकलं, की डाग चार वर्षांपूर्वीच लागलाय आणि तो आपणच लावलाय. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं फॉर्मची घडी घातली आणि तिच्यासमोरच सिदूला फोन लावला.

“सिदू, दुसरी गाडी बघ बाबा.”

“का वो? मालकाचा पत्ता लागला म्हणला न्हवं?”

“लागला,” बहिणीकडं बघत शिवपुत्र म्हणाला. “मालकीण इकत न्हाय म्हणती.”