शिवकन्येची ने-आण

मित्रांनो, मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. जवळा बाजारच्या अलीकडे, सोमेश्वरच्या घरामागं मी दगडांवर टेकून उभी असते. माझी चाकं कधीच विकली गेली. पुढच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग पांढरा होता. दोन मालकांच्या हाताखालून फिरून मी सोमेश्वरकडे आले. त्यानं मला काळा-पिवळा रंग दिला आणि औंढा-हिंगोली रस्त्यावर घातलं. बाजाराच्या दिवशी माझ्या टपावर बोचकी, आत माणसं आणि मागं लटकलेली पोरं असायची. सिद्धेश्वर धरणावरून मासळीच्या टोपल्या चढल्या की बाकीचे नाकाला पदर-रुमाल लावायचे. अडलेल्या कितीतरी बायांना मी दवाखान्यात पोचवलं. "सोम्याची गाडी दगा देत न्हाई," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मला बरं वाटायचं.

सोमेश्वरची धाकटी बहीण शिवकन्या. तिचं लग्न झालं तेव्हा झेंडूच्या माळा घालून मीच तिला सासरी नेलं. सासर वारंगा फाट्यापासून थोडं आत होतं. नवरा स्वप्निल. फाट्यावर त्याचं टायरचं दुकान होतं. निघताना त्यानं माझ्या चाकावर हात दाबून पाहिला आणि नवरदेवाच्या कपड्यांतच खाली बसून हवा भरली. शिवकन्या हसली. मलाही तो माणूस चांगला वाटला.

पुढच्या वर्षी सोमेश्वर भाडं घेऊन फाट्यावर गेला, तर शिवकन्या रस्त्याच्या कडेला एकटी उभी होती. तिला दिवस गेले होते. ओठ फाटलेला होता. सोमेश्वरनं काही विचारलं नाही. तिला बसवून थेट घरी आणलं.

अंगणात वडील माणिकराव उभे होते. मला टेकूनच शिवकन्या म्हणाली, "बापू, मला तिथं ठेवू नका. ते लई मारून राहिले."

"काहून मारतो? तू काही बोलली असशील."

"भाजीत मीठ कमी पडलं व्हतं."

आई द्वारकाबाई दारातच डोळ्यांना पदर लावून बसली. माणिकराव मात्र म्हणाले, "लेकरू झालं की माणूस सुधरतो. चार लोकांत माझी मान खाली घालू नको."

दोन-चार दिवसांनी मलाच तिला परत न्यावं लागलं. सोमेश्वर चालवत होता, माणिकराव त्याच्या शेजारी बसले होते. सासरच्या दारात मी थांबले, तरी शिवकन्या उतरेना. तेव्हा माणिकरावांनी तिचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं.

त्यानंतर महिनाही गेला नसेल. हिंगोलीच्या दवाखान्यातून तिच्या सासरच्या शेजाऱ्याचा फोन आला. स्वप्निलनं तिच्या पोटात लाथ मारली होती. बाळ गेलं होतं.

तिला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी माणिकराव पुढच्या सीटवर बसले आणि म्हणाले, "घरी घे."

मागून शिवकन्येचा आवाज आला. "दादा, आधी कोर्टात घे. सिस्टर म्हणत व्हत्या, तिथं बाईला फुकट वकील देतात."

सोमेश्वरनं बापाकडं पाहिलं आणि मला कोर्टाच्या दिशेनं वळवलं.

तिला पायऱ्या चढवेनात, म्हणून सोमेश्वर एकटाच आत गेला. थोड्या वेळानं त्याच्यासोबत सरकारी मदतीच्या वकील पुनमताई आल्या. त्या माझ्या मागच्या सीटवर शिवकन्येशेजारी बसल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तुला नांदायचंय की सुटायचंय? भावाकडं बघू नकोस. तुझं सांग."

शिवकन्येनं भावावरची नजर काढली. मग म्हणाली, "सुटायचंय."

हा प्रश्न तोवर तिला कुणी विचारलाच नव्हता.

पुढं तारखा सुरू झाल्या. शिवकन्येनं हिंगोलीतच एक खोली घेतली आणि एका खानावळीत पोळ्या लाटू लागली. गावात माझं नाव खराब झालं. "घर मोडणाऱ्याची गाडी," म्हणत ओळखीची माणसं दुसऱ्या जीपमध्ये बसू लागली. एकदा फाट्यावर स्वप्निलच्या दोस्तांनी माझी समोरची काच फोडली. सोमेश्वरच्या कपाळावरचा वण अजून गेलेला नाही. पण तारखेला तो मला बाहेर काढायचाच. काच नसली तर वारा खात आम्ही जायचो.

एक दिवस कोर्टाच्या आवारात पुनमताई माणिकरावांना म्हणाल्या, "काका, आज तुमची साक्ष आहे. पोरीला मार होता, तर बापानं स्वतः परत कशी सोडली, असं समोरचे वकील म्हणतात. म्हणजे मार नव्हताच, असं त्यांना दाखवायचंय. ते तुम्हालाच विचारतील."

"काय सांगू?"

"जे झालं ते. अब्रूसाठी काही झाकलंत, तर केस तिथंच बुडेल."

माणिकरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आत गेले. मी लिंबाखाली उभी राहिले. त्या दिवशी मला सावलीतही ऊन फार लागलं.

परत आले तेव्हा ते एकदम म्हातारे दिसत होते. सीटवर बसून आपणहूनच म्हणाले, "सांगितलं म्या. फाटलेला ओठ पाह्यला व्हता. तरी हात धरून म्याच उतरवली."

मागं शिवकन्या बसली होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"शिवा, आता घरी चल," माणिकराव म्हणाले.

"न्हाई बापू. मला खोलीवर सोडा."

"खोलीवर घे," ते सोमेश्वरला म्हणाले.

पुढं कोर्टानं घटस्फोट दिला. तिच्या शरीराचा आणि मनाचा छळ झाला, हे निकालात मान्य झालं. पेढे कुणी आणले नाहीत. शिवकन्येनं पुनमताईंना विचारलं, "आता कुणी मला तिथं नेऊन सोडू शकत न्हाई ना?"

"कुणीच नाही."

मग ती माझ्यात येऊन बसली आणि रडली. दवाखान्यात रडली नव्हती, कोर्टात रडली नव्हती. गेलेल्या बाळासाठी ठरवलेलं नाव तिनं पहिल्यांदा तोंडातून काढलं. सोमेश्वर बाहेर पाठ करून उभा होता. चावी हातात असूनही त्यानं मला सुरू केलं नाही.

आता रस्त्यावर चालायची माझी मुदत संपली आहे. शिवकन्या हिंगोलीतच राहते. सणाला आईला भेटून जाते, पण मुक्काम करत नाही. माणिकराव ओसरीवर बसून ती वळणाआड जाईपर्यंत बघतात.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं मी सांगणार नाही. माझं लोखंड एक दिवस भंगारात जाईल. पण उद्या तुमची ताई किंवा आत्या माहेरी आली, तर तिच्या तोंडाकडं नीट बघा. तुझं काय चुकलं, असं विचारू नका. तुला काय पाहिजे, असं विचारा. कोर्टात बाईला फुकट वकील मिळतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि जिला परत जायचं नाही, तिला तिथं सोडायला गाडी काढू नका. आम्हा गाड्यांना नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.