संताचा चमचा आणि दुसरा घोट

"आली! तीस वर्षं आली!" खाटीक हेक्टर बुकन ओरडला, तशी गावच्या हॉलमधली साठ-सत्तर माणसं खुर्च्या मागे ढकलून उठली.

हेक्टरच्या हातात दुकानातल्या सगळ्यात स्वस्त व्हिस्कीचा ग्लास होता. पाच मिनिटांपूर्वी त्यानेच पहिला घोट घेऊन तिला 'दाराचा रंग खरवडायचं औषध' म्हटलं होतं. मग बाहेरगावाहून आलेल्या टॉरक्विल लॉरिमर साहेबांनी त्याच बाटलीतून दुसरा ग्लास भरला, एका संताचा, कुठलीही व्हिस्की तीस वर्षं मुरलेली करतो असं ते सांगत तो शिंगाचा जुनाट चमचा पवित्र झऱ्याच्या पाण्यात बुडवला आणि निथळू न देता ग्लासात तीनदा फिरवला. आता हेक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आधी मनुका लागतील," लॉरिमर डोळे मिटून म्हणाले. "मग मध. आणि अगदी शेवटी, चर्चमधल्या जुन्या बाकाचा वास."

"बाक!" हेक्टरला हुंदका फुटला. "अहो, मी लहानपणी बसायचो त्याच्यावर!"

"काळ पिंपात नसतो, मंडळी. संताने या चमच्याने चाळीस हिवाळे लापशी खाल्ली. ते सगळे हिवाळे यात मुरलेत."

मागच्या रांगेत वॉटी क्रुकशँक मान डोलवत होता. चाळीस वर्षं त्याने स्पे नदीच्या काठाने टपालाची गाडी हाकली आणि गाडी हाकायची म्हणून थेंबही घेतला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र शाळेत नाव घातल्यासारखा तो व्हिस्की शिकायला बसला. दर बुधवारी दुपारी दोन ग्लास, दोन बाटल्या आणि एक वही. वास, चव, दहापैकी गुण. "वॉटी, तुझ्या नाकाला पाकिटाच्या डिंकापलीकडे काय कळतंय?" असं हेक्टर त्याला येताजाता विचारायचा. लॉरिमरांच्या चमच्याला वॉटीने आदल्या आठवड्यातच वहीत दहापैकी दहा देऊन टाकले होते.

लॉरिमर साहेब हा चमचा गावाला कायमचा द्यायला तयार होते. बदल्यात त्यांना फक्त गावाचं व्हिस्कीचं पिंप हवं होतं. हॉल जळून पुन्हा उभा राहिला, त्या वर्षी गावकऱ्यांनी मिळून भरलेलं, अठरा वर्षं न उघडलेलं. पुढच्या शनिवारी हात वर करून निर्णय व्हायचा होता.

बुधवारी वॉटी वही घेऊन बसला. पिंपाऐवजी चमचा मिळणार, मग तो कुठल्या स्वस्त बाटलीत फिरवायचा ते बघायला त्याने आपले जुने गुण चाळले आणि थबकला. पानामागून पान तेच. पहिली: जळजळ, चार. दुसरी: मऊ, सात. पुढच्या पानावर बाटल्यांची अदलाबदल, तरी पहिली चार, दुसरी सात.

त्याने एकाच बाटलीतून दोन ग्लास भरले, दुसऱ्यात, लॉरिमरांच्या ओल्या चमच्यावरून गळतील तेवढे, नळाच्या पाण्याचे चार थेंब टाकले आणि बायकोला हाक मारली. "इना, जरा चाखून बघ गं."

इनाने तोंड वाकडं केलं. "शी! जीभ भाजली." दुसरा घोट घेऊन ती म्हणाली, "ही बरी आहे. महागातली का?"

"दोन्ही एकच आहेत."

"मग तुझ्या वहीतलं सगळं...?"

"चुकलंय," वॉटी म्हणाला. त्याचे कान लाल झाले. हे गावाला सांगायचं तर वही उघडी करावी लागणार होती, आणि हेक्टर ते जन्मभर पुरवून वापरणार होता.

शनिवारी तो तरीही उभा राहिला. "लॉरिमर साहेब, तुमच्या चमच्याने कुठलीही व्हिस्की तीस वर्षांची होते ना?"

"कुठलीही!"

"मग आमचं अठरा वर्षांचं पिंप तुम्हाला कशाला?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. "आठवण म्हणून," लॉरिमर म्हणाले.

"मग एकदा आमच्या हातून करून बघू. इना स्वयंपाकघरात ग्लास भरेल."

"संशयाने संत दुखावतात."

"एवढा हळवा संत आमच्या गावात टिकायचा नाही हो," हेक्टरच म्हणाला. "द्या तो चमचा. वॉटीचं नाक एकदाचं कापूनच टाकू."

सहा जणांनी दोन-दोन ग्लास चाखले. सहाही जणांनी दुसरा उचलून धरला. "मध! बाक!" हेक्टर गरजला. "संताचा चमचा यातच फिरलाय!"

"नाही हो," इना दारातून म्हणाली. "संताचा चमचा मी पुसून पहिल्या ग्लासात फिरवला. दुसऱ्यात माझा, मांजराचं खाणं काढायचा. धुतलेला होता हं, आणि नळाच्या पाण्याने ओला."

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

हेक्टर तेवढा हसला नाही. "पण मला खरंच लागला होता रे तो बाक," तो हळूच म्हणाला.

"त्यांनी आधी सांगितलं म्हणून लागला," वॉटी म्हणाला. मग त्याने वही उघडून आपले सगळे फसलेले गुण मोठ्याने वाचून दाखवले, दहापैकी दहासकट. "पहिल्या घोटाला जीभ दचकते, दुसऱ्याला सरावते. चार थेंब पाण्याने जळजळ उतरते आणि वास मोकळा होतो. उरलेलं काम त्यांच्या बोलण्याने केलं."

मतदान झालं. चमच्याच्या बाजूने एकही हात वर आला नाही. लॉरिमर चार वाजताच्या बसने गेले.

"फसलो याची लाज नको," वॉटी उठणाऱ्या मंडळींना म्हणाला. "मी वर्षभर फसलो, तेही स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुणी फसवत नसताना. पण यापुढे कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याला दोनच गोष्टी करायला सांगा. क्रम बदल आणि कशात काय आहे ते झाक. खरं असेल, तर त्याचं काही बिघडणार नाही."