बिनकेराचं घर

कचरेवाल्या मावशींनी सुक्या कचऱ्याची बादली दारातच उपडी केली, काठीनं दोनदा चाळवली आणि मान वर न करता विचारलं,

"ताई, तुमच्या घरात माणसं राहतात की देव?"

लेकीला काही उमगेना. ती कालच आली होती. पंधरा दिवसांनी एकदा वडिलांकडे यायचं, दोन-तीन दिवस राहायचं, डबे भरून ठेवायचे आणि परतायचं, हा आई गेल्यापासूनचा शिरस्ता.

"का हो मावशी? वेगळा केलाय की सगळा. ओला इकडे, सुका तिकडे."

"ते चोख आहे. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन देतात आजोबा. पण केर कुठाय? आठ महिने झाले, या दारातून चिमूटभर धूळ बाहेर आली नाही. तीनशे घरांचा कचरा उचलते मी. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाकडे अबोला धरलाय, बादलीवरून सांगेन. पण बिनकेराचं घर नाही पाहिलं अजून." मग त्यांनी आवाज उतरवला. "खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केलीय. या बाजूनं किडे उतरतात म्हणे. परवा तपासणीवाले येऊन खोल्या उघडायला लावतील. त्याआधी काय असेल ते माझ्या हवाली करा. उद्या सकाळी येते. म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत शोभा नको."

दार लावून लेक वळली. वडील खुर्चीत होते, हातातला पेला तसाच अधांतरी धरून. आईच्या खोलीकडे त्यांनी पाहिलं नाही. इतक्या नेटानं पाहिलं नाही, की कुठं पाहायचं ते तिला कळलं.

पलंगाखाली, कपाटामागे, भिंतीच्या कडेनं पिशव्या होत्या. तीसेक तरी असतील. प्रत्येकीला नीट गाठ मारलेली. खोलीला घाण वास नव्हता, नुसता जुन्या उशीसारखा कोंदट होता. तिनं एक गाठ सोडली तसे बारीक तपकिरी किडे अंग चोरून कडेला सरकले. आत धूळ, दोऱ्यांचे तुकडे, झाडूची तुटलेली काडी.

"बाबा, हे काय?"

"केर."

"ते दिसतंय. ठेवलाय कशाला?"

वडील चौकट धरून उभे राहिले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की 'आता बघायचं काय उरलंय' म्हणून विषय मिटवायचे. ते गुडघ्यावर हात देत खाली बसले, पिशवीत बोटं घातली आणि खड्यासाठी तांदूळ चाचपावेत तशी फिरवली. मग चिमटीत काहीतरी धरून हात वर केला.

"हा बघ. तुझ्या आईचा."

केस होता. चांगला हातभर लांब.

"ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी झाडू हातात घेतला. जन्मात पहिल्यांदा. सुपलीतला केर भरताना हा बोटाला लागला. आता कसा टाकायचा, तूच सांग. म्हटलं, उद्या टाकू. उद्या आणखी एक निघाला. माणूस जातं गं, पण घरातून एकदम थोडंच जातं?"

"पण बाबा, आठ महिने झाले..."

"रोज नाही निघत. आठ-आठ दिवस बोटाला काही लागत नाही. वाटतं, संपलं, आता मात्र खरंच गेली. मग तू येतेस. तू परत गेलीस की दुसऱ्या दिवशी बघ, तीन-तीन, चार-चार निघतात! पलंगापाशी, आरशाखाली." ते हसले. हे हसू तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "पोटची पोर आली की येते. माझ्या एकट्यासाठी नाही यायची, लबाड!"

लेकीनं केस हातात घेतला आणि खिडकीशी नेला. आईचं डोकं पन्नाशीतच कापसासारखं पांढरं झालं होतं. उजेडात केस काळाभोर निघाला. ती तशीच पाठमोरी उभी राहिली. पाठीवरची वेणी तिनं खांद्यावरून पुढे ओढली आणि मुठीत घट्ट धरली.

दुसरी पिशवी उघडली, तिसरी उघडली. सगळे काळे. एक तेवढा पांढरा होता, की उशीचा दोरा होता, देव जाणे. तिनं तो पुन्हा निरखला नाही.

"तिचाच ना?" वडिलांनी विचारलं.

"आईच्याच वळणाचा आहे, बाबा."

त्यांनी समाधानानं मान हलवली. ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"उद्या मावशींना द्यावं लागेल हे."

"ऐकलं मी. कान शाबूत आहेत." बराच वेळ ते गाठीशी चाळा करत राहिले. "देईन. पण हे गेलं आणि उद्यापासून निघालाच नाही, तर? आत्ता आहे तेवढं तरी आहे माझ्याजवळ."

"निघेल."

"कशावरून?"

"मी आले की येते, म्हणालात ना? मग मी येत राहीन."

सकाळी एकेक पिशवी वडिलांनी स्वतःच्या हातानं दिली. मावशींनी पहिली तळहातावर तोलली.

"एवढंच? मला वाटलं, आजोबांनी भूत कोंडून ठेवलंय."

कुणी हसलं नाही. मावशींनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याच्या हाताकडे, आणि बाकीच्या पिशव्या आपल्या पोत्यात भिरकावल्या नाहीत, खाली वाकून ठेवल्या. शेवटची पिशवी वडिलांच्या मुठीतून सुटायला जरा वेळ लागला. मावशी तेवढ्या वेळ हात पुढे करून थांबल्या.

दुपारी वडिलांचा डोळा लागला. लेकीची बॅग भरून झाली होती. ती आईच्या खोलीत गेली आणि रिकाम्या पलंगाच्या कडेला बसली. वेणी सोडली. सावकाश विंचरू लागली, मुळापासून टोकापर्यंत. कंगव्यात आलेला गुंता बोटाभोवती न गुंडाळता तिनं एकेक केस सुटा केला. एक पलंगापाशी सोडला. दोन आरशाखाली. एक दूर, कोपऱ्यात, हाताला सहज लागू नये असा.

मान वर केली तर दारात वडील. कधीपासून उभे होते, कळलं नाही.

"विंचरतेस होय?"

"हो. गुंता झाला होता."

ते काही क्षण तसेच उभे राहिले, तोंड तिच्या दिशेनं, डोळे कुठंतरी वर.

"सावकाश विंचर," ते म्हणाले आणि बाहेरून दार हलकेच ओढून घेतलं.