डावीकडचा खर्ज

बंद कपांचा तो महागडा हेडफोन चढवला आणि कारखान्यातल्या तपासनीसाला वाटलं, आपण पाण्याखालच्या दिवाणखान्यात बसलोय. व्हायोलिन उजेडासारखं तरंगत होतं. उजवीकडे संध्याकाळ. डावीकडे—

डावीकडे खर्जच नव्हता. त्यानं तीन नग बदलले, तरी तेच. म्हणजे आपलाच कान गेला! कानांवर पोट भरणाऱ्यानं आता करायचं काय?

"ताई, माझा डावा कान संपला," तो शेजारी जुळणी करणाऱ्या ताईंना म्हणाला.

"कान शाबूत आहे, अक्कल गेलीय! कानामागे पेन्सिल खोचलीस, मग कपाची गादी कानाभोवती टेकणार कशी? सगळा खर्ज फटीतून पळतोय."

त्यानं पेन्सिल काढली. फट मिटली. चेलोचा खर्ज काळोख्या जिन्यानं सावकाश खाली उतरू लागला आणि डोळे मिटून तोही मागोमाग निघाला.