माझ्या वाट्याचे अर्धे गाणे

मित्रांनो, खिडकीखाली बसलेली ही लाकडी पेटी दिसते ना, ती मी. एक जुना स्पीकर. त्यातही डावा. डावा म्हटले की कोणीतरी उजवा असणार, हे तुम्ही ओळखले असेलच. माझाही होता.

आम्हा दोघांना एका सुताराने एकाच फळीतून घडवले. लाकडाच्या रेषा माझ्या कडेला थांबत आणि उजव्याच्या कडेपासून पुढे सुरू होत. सुताराला दोन मुलगे. दोघेही रॉक संगीताचे वेडे आणि सदा एकमेकांच्या उरावर बसलेले. रोजची कटकट नको म्हणून बापाने सांगून टाकले, "डावा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. आता भांडा बघू!" भांडण मिटले, कारण एकट्या पेटीचे करायचे काय?

ते दिवस सोन्याचे होते. नवा अल्बम आला की दोघे आमच्यासमोर मांडी घालून बसत. ड्रम किती मागे ठेवलेत, गायकाचा आवाज किती पुढे आणलाय, याचा कीस पाडत. शेजारी वैतागून भिंत ठोकत. गाण्यातली काही वाद्ये फक्त माझ्याकडे येत, काही फक्त उजव्याकडे. एका गिटारने माझ्याकडून विचारावे आणि दुसरीने उजव्याकडून उत्तर द्यावे, असे आमचे बोलणे चाले. थोरला आंघोळ करताना स्वतः रचलेली एक शीळ घाली. तिचे गाणे करायचे दोघांनी ठरवले होते, पण ते राहून गेले.

पुढे धाकटा स्टुडिओत कामाला लागला. वाद्यांचे आवाज जुळवून स्वतः मिक्सिंग केलेला पहिला अल्बम घेऊन तो धावत घरी आला. थोरल्याने सगळा ऐकला आणि म्हणाला, "सगळंच ओरडतंय रे. हळू कुठे नाहीच, मग मोठं कशाला म्हणायचं? श्वास घ्यायला जागा ठेव की जरा."

बोलणे खरे होते, पण वेळ चुकली. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुला जुनं तेवढंच सोनं!" म्हणत त्याने उजव्याची वायर ओढून काढली, आपली पेटी उचलली आणि तो गेला तो गेलाच. थोरल्यानेही अडवले नाही. उजव्याशी माझे बोलणे अर्धवट राहिले.

तेव्हापासून मी एकटा वाजतो. पुढे थोरल्याचे लग्न झाले. बायकोने दुसरा स्पीकर आणायला सुचवले, तर तो म्हणाला, "ती जागा त्याची आहे." पण सवय फार वाईट, मित्रांनो. वर्षे गेली, आणि उजवीकडचे आपल्याला ऐकूच येत नाही हे तो पार विसरला. नव्या अल्बमांना मात्र नावे ठेवू लागला. "हल्लीचे गिटारवाले आळशी झालेत. निम्मं गाणं नुसते बसून असतात!" ते बिचारे उजवीकडे जीव तोडून वाजवत असत. मला सांगता येत नव्हते.

मग धाकट्याचा नवा अल्बम आला. थोरल्याने तो गुपचूप आणून लावला. शेवटच्या गाण्यात ड्रम मंदावतात, गायक थांबतो आणि माझ्याकडे नुसती शांतता येते. थोरला आधी खूश झाला आणि मग चिडला. "श्वासापुरती जागा ठेव म्हटलं, तर या शहाण्याने अख्खं मैदान मोकळं सोडलंय!"

तेवढ्यात आत इस्त्री करणारी बायको गुणगुणू लागली. थोरला थबकला.

"हे काय गुणगुणतेस?"

"तुम्ही लावलंय तेच. बसमध्ये कानात इअरफोन घालून रोज ऐकते की मी."

"यात कुठे आहे ही चाल?"

"अहो, आत्ता, या शांत जागेतच तर आहे! गिटारवर. तुमची आंघोळीची शीळ." बाहेर येऊन तिने माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ती उजवीकडे वाजते. नाचता येईना अंगण वाकडं! ऐकायचं निम्मं, आणि नावं ठेवायची गिटारवाल्यांना."

थोरल्याने त्या रिकाम्या जागेवरची धूळ हाताने पुसली. मग त्याने धाकट्याला फोन लावला. पलीकडून "हॅलो" आले.

"तुझी पेटी आहे ना अजून?" थोरल्याने विचारले.

"आहे की. एकटीच वाजते."

"मग शेवटचं गाणं लाव. मी तीन म्हटलं की."

थोरल्याने फोन माझ्या शेजारी, उजव्याच्या जागेवर ठेवला. गाणे सुरू झाले. ती शांत जागा आली, आणि त्या एवढ्याशा फोनमधून माझा उजवा बोलला. किरकिरा, किंचित मागे पडलेला, पण मी त्याला लगेच ओळखले. शीळ तीच होती.

मित्रांनो, जोडीची वस्तू कधी वाटून घेऊ नका. आणि गाणे अर्धे वाटले, तर गाणाऱ्याला दोष देण्याआधी आपल्या शेजारी कोण नाही ते बघा.

मग माझ्याकडचे ड्रम पुन्हा सुरू झाले. थोरला डोळे पुसत पुढे सरकला आणि उजव्याचे नीट ऐकू यावे म्हणून त्याने माझा आवाज बारीक केला. मला गप्प केलेले इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आवडले.